उसातलं पाणी, पाण्यातली साखर

शंभर किलो उसात सत्तर किलोच्या आसपास पाणीच असतं. दिवसाला ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्याच्या गव्हाणीतून रोज साडेतीन हजार टन पाणी आत शिरतं. ते पाइपलाइनने येत नाही. बैलगाड्यांतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून, ट्रकांतून येतं, काट्यावर तोलून येतं आणि कारखाना त्याला उसाचाच भाव देतो. थोडं बगॅसबरोबर, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्याबरोबर, बॉयलरकडे जातं. बाकीचं रसात उतरतं आणि रसातून ते वाफेने उडवून लावणं, हेच साखर कारखान्याचं निम्मं काम. उडालेली वाफ थंड झाली की पुन्हा पाणी. हे पाणी गरम असतं, बऱ्यापैकी स्वच्छ असतं आणि बॉयलरपासून मिलवर शिंपडण्यापर्यंत कुठेही वापरता येतं. कागदावर हिशेब मांडला तर गाळप चालू असताना कारखान्याने नदीकडे पाण्यासाठी बघायची फारशी गरज नाही.

तरीही कुठल्याही कारखान्याच्या मागच्या बाजूला गेलात, तर एक नाला वाहताना दिसतो. चहाच्या रंगाचा, किंचित आंबूस, वर तेलाची साय. हा लेख त्या नाल्याबद्दल आहे.

कारखाना म्हणजे माळावरची वसाहत. तालुक्याचं गाव वीस-पंचवीस किलोमीटरवर. महापालिकेची भुयारी गटार इथे पोचत नाही आणि एमआयडीसीत असतं तसं सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रही नाही. आजूबाजूला ऊस, ओढा, ओढ्याच्या खाली नदी आणि नदीवर पुढच्या गावाची जॅकवेल. म्हणजे जी काही घाण होईल ती कुंपणाच्या आतच निस्तरायची. त्यासाठी प्रत्येक कारखान्यात एक ईटीपी असतो. सगळे ‘ईटीपी’च म्हणतात; ‘सांडपाणी प्रक्रिया संयंत्र’ हे फक्त फलकावर.

दक्षिण महाराष्ट्रातल्या ज्या कारखान्यात मी हे जवळून पाहिलं, त्याचं नाव लिहीत नाही. तिथे दिसलं ते थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी दिसतं आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटकेचा निःश्वास टाकतात.

नाल्याच्या उगमाकडे चालत गेलं की एकेक झरा सापडतो. मिलच्या बेअरिंगांना थंड करणारं पाणी, त्यात ग्रीस. पंपांच्या ग्लँडमधून थेंबथेंब गळणारा रस. बॉयलिंग हाऊसची फरशी धुतलेलं पाणी. टाकी भरून वाहिली, कोणाचं लक्ष नव्हतं, मग होजपाइप मारला. पॅनमध्ये पाक उकळताना निर्वात ओढीने वाफेबरोबर पाकाचे बारीक थेंबही उडतात, ते कंडेन्सरमार्गे थेट स्प्रे पॉंडमध्ये. शिवाय ठराविक दिवसांनी गाळप थांबवून इव्हॅपोरेटरच्या नळ्यांतली खपली कॉस्टिक सोड्यात उकळून काढतात, ते पाणी. प्रयोगशाळेच्या बेसिनचं पाणीही त्याच नाल्यात.

प्रयोगशाळेत एक जुनी परीक्षा अजून रोज होते. बॉयलरकडे जाणाऱ्या पाण्याचा नमुना परीक्षानळीत घ्यायचा, त्यात अल्फा नॅप्थॉलचे दोन-चार थेंब टाकायचे, नळी तिरकी धरून कडेने तीव्र गंधकाम्ल हळूच सोडायचं. आम्ल जड, ते तळाला जाऊन बसतं. पाण्यात साखरेचा अंश असेल तर दोन थरांच्या मधोमध जांभळी कडी उमटते. साखर अगदी नावाला असली तरी कडी दिसतेच. ती दिसली की शिफ्ट केमिस्ट ताबडतोब फोन उचलतो, कारण साखर बॉयलरमध्ये गेली तर नळ्या खराब होतात. हीच परीक्षा मागच्या नाल्यावर केली तर? मी विचारलं. केमिस्ट हसला. तिथे कडी कसली, सगळी नळीच जांभळी होईल.

त्या हसण्यात या विषयाचं सगळं मर्म आहे, असं माझं मत झालं आहे. साखर कारखान्याच्या सांडपाण्यातली ‘घाण’ म्हणजे मुख्यतः साखर. विषारी रसायनं नव्हेत, जड धातू नव्हेत. शेतकऱ्याने पिकवलेली, तोडणी मजुराने तोडलेली, बॉयलरने तापवलेली साखर गोदामात न जाता नाल्यात गेलेली असते. नदीला मात्र त्या गोडीचा काही उपयोग नसतो. पाण्यातले जिवाणू साखरेवर तुटून पडतात, ती खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात.

आता जरा आकडेमोड. पाण्यातला सेंद्रिय माल पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल, ते माप म्हणजे सीओडी. रसायनशास्त्राच्या साध्या समीकरणाने १ किलो साखरेला १.१२ किलो ऑक्सिजन लागतो. समजा, आपल्या ५,००० टनी कारखान्यातून ईटीपीकडे दिवसाला १० लाख लिटर पाणी जातं आणि त्याचा सीओडी लिटरला २,५०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे रोजचा २,५०० किलो सीओडी. ही सगळी साखर धरली तर सव्वाबावीस क्विंटल. केंद्राने २०१९ मध्ये ठरवलेला किमान विक्री दर किलोला ३१ रुपये होता. त्या दरानेही रोजचे ६८-६९ हजार रुपये. १२० दिवसांच्या हंगामात ८० लाखांच्या वर. सगळीच साखर नसते हे कबूल. तेल असतं, बगॅसचा भुगा असतो, मळी असते. निम्मी धरा. ४० लाख तरीही राहतात. वर हे ४० लाख पाण्यातून काढून टाकण्यासाठी वीज, माणसं आणि औषधं लागतात, ती वेगळीच.

कारखान्याच्या तांत्रिक अहवालात साखरेचा ताळेबंद असतो. बगॅसमध्ये इतकी गेली, प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) इतकी, मळीत इतकी. तिन्हींची बेरीज करून उरलेला फरक ‘अनडिटरमाइंड लॉस’ या रकान्यात टाकतात, म्हणजे कुठे गेली ठाऊक नाही. थोडी उष्णतेने मोडते, थोडी जिवाणू खातात, हे खरं. पण त्या रकान्याचा एक मोठा तुकडा मागच्या नाल्यात तरंगत असतो आणि त्याचं मोजमाप ईटीपीच्या वहीत रोज लिहिलेलं असतं. ती वही चीफ केमिस्टच्या टेबलावर क्वचितच पोचते. साखरेचा हिशेब एका खात्यात, पाण्याचा दुसऱ्या खात्यात.

* * *

ईटीपी म्हणजे यंत्रं असा समज असतो. यंत्रं असतातच. जाळी, तेल पकडणारा सापळा, येईल तसं पाणी एकजीव करणारी समतोल टाकी, आम्लता मारायला चुना (तो कारखान्यात मुबलक), मग बहुतेक ठिकाणी हवाबंद टाकी, पुढे एअरेशन टँक, क्लॅरिफायर, शेवटी वाळू आणि कोळशाचे फिल्टर. पण खरं काम जिवाणू करतात आणि यंत्रं त्यांची बडदास्त ठेवतात.

१९१४ मध्ये मँचेस्टरच्या अर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवून दिलं की मैलापाण्यात हवा सोडल्यावर तळाला बसणारा गाळ फेकून न देता पुढच्या खेपेच्या पाण्यात ठेवला, तर ते पाणी कितीतरी लवकर साफ होतं. त्या गाळातच जिवाणूंची वस्ती असते. आज जगभर हीच पद्धत चालते. ईटीपीवर या गाळाला ‘कल्चर’ म्हणतात आणि ते विरजणासारखंच सांभाळावं लागतं: थोडं राखून ठेवायचं, उपाशी मारायचं नाही, चुकीचं काही त्यात पडू द्यायचं नाही.

साखर कारखान्याची गोची इथे सुरू होते. शहराचं मैलापाणी बारा महिने येतं. कारखान्याचं पाणी चार-पाच महिनेच येतं. हंगाम संपून पट्टा पडला की नाला आटतो, जिवाणूंचं खाणं बंद होतं आणि उन्हाळ्यात टाकीत काळा चिखल उरतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बॉयलर अग्निप्रदीपन होतं, मोळी टाकली जाते, अध्यक्षांचं भाषण होतं आणि दोन दिवसांत गाळप पूर्ण क्षमतेला. जिवाणूंना मात्र मुहूर्त कळत नाही. नव्याने वस्ती उभी राहायला त्यांना दोन-चार आठवडे लागतात. मधल्या काळात येणारं पाणी जसंच्या तसं पुढे सरकतं.

म्हणून हंगामाआधी ईटीपीवर ट्रॉल्या येतात, त्यात शेण. शेणकाला करून टाकीत सोडायचा, जोडीला गूळ किंवा मळी, शिवाय नत्रासाठी युरिया आणि स्फुरदासाठी डीएपी. हिशेब ठरलेला: बीओडीच्या (जिवाणूंना पाण्यातला माल खाताना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) शंभर भागांना नत्र पाच, स्फुरद एक. साखरेच्या पाण्यात नत्र-स्फुरद नावालाच असतं आणि नुसत्या गोडावर जिवाणूही वाढत नाहीत. केंद्राने जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेत स्पष्ट म्हटलं आहे की हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी ईटीपी स्थिरावलेला हवा आणि हंगाम संपल्यावर महिनाभर चालू ठेवायला हवा. त्याच अधिसूचनेने प्रक्रिया केलेलं सांडपाणी टनाला १०० लिटरवर आणून ठेवलं, शेतीला नको असेल त्या काळात साठवायला पंधरा दिवसांचं अस्तर घातलेलं तळं सांगितलं. नियम शहाणपणाचा आहे. अडचण विजेची. गाळप चालू असताना बगॅसवर स्वतःची वीज तयार होते, ती जणू फुकटच. हंगामाआधीचा तो एक महिना टाकीत हवा सोडणारे ब्लोअर महावितरणच्या बिलावर चालवावा लागतो आणि ईटीपीत सर्वांत जास्त वीज ब्लोअरच खातात. ब्लोअरचं बटण बंद करायला कोणाच्या लेखी हुकमाची गरज पडत नाही.

कल्चर बसलं की नाही, हे बघायची पद्धत इतकी साधी आहे की शाळेच्या प्रयोगात घ्यावी. एअरेशन टँकमधलं लिटरभर पाणी काचेच्या उभट मोजपात्रात घ्यायचं आणि अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला सगळंच तपकिरी, गढूळ. पाच-सात मिनिटांनी वर स्वच्छ पाण्याची पट्टी दिसू लागते. कण एकमेकांना धरून गुच्छ होतात, गुच्छ जड होऊन खाली उतरतात. अर्ध्या तासाने तळाला २५०-३०० मिलिलिटरवर मातकट सोनेरी गाळ आणि वर नितळ पाणी दिसलं तर प्रकृती चांगली. गाळ वरपर्यंत फुगलेलाच राहिला तर सुतासारखे जिवाणू माजलेत. गाळ काळा आणि वास सडक्या अंड्याचा असेल तर हवा कमी पडते आहे. मी गेलो तेव्हा ऑपरेटरने मोजपात्र खिडकीत ठेवलं, घड्याळाकडे न बघता बाकीची कामं केली आणि बरोबर वेळेला येऊन आकडा वहीत लिहिला. बीएस्सी झालेला, हंगामी. आठ महिने तो दुसरीकडे काम शोधतो.

त्याला सर्वांत जास्त भीती कशाची? साफसफाईच्या दिवसाची. नळ्या उकळून झाल्या की कॉस्टिकचं पाणी वेगळ्या खड्ड्यात घेऊन, आम्लाने उतरवून, आठवडाभर थोडं थोडं ईटीपीत सोडायचं, अशी रीत आहे. पण रात्रीच्या पाळीत गाळप लवकर सुरू करायची घाई असते आणि वरच्या मजल्यावर कोणी एक व्हॉल्व्ह उघडतो. तास-दोन तासांत टाकीवर पांढरा फेस चढतो, सकाळी मोजपात्रात गाळ बसत नाही आणि तीन आठवड्यांची मेहनत गेलेली असते. व्हॉल्व्ह उघडणारा कायम कामगार. त्याला जाब विचारायची या हंगामी पोराची टाप नाही.

* * *

आतापर्यंत बोललो ते नुसत्या साखरेचं. डिस्टिलरी आली की प्रकरण वेगळ्याच पातळीवर जातं. आता ती बहुतेक मोठ्या कारखान्यांत आलीच आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉलचं मिश्रण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोचलं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. त्या वाटचालीत उसाच्या पट्ट्यात डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या आणि वाढल्या.

मळी आंबवून अल्कोहोल उडवून घेतलं की खाली उरतो तो स्पेंट वॉश. लिटरभर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर. गर्द तपकिरी, उकळता, आंबट. त्याचा बीओडी लिटरला ४०-६० हजार मिलिग्रॅम; घरगुती मैलापाण्याचा २००-३००. रोज ६० हजार लिटर अल्कोहोल करणारी मध्यम डिस्टिलरी धरा, लिटरमागे दहा लिटर स्पेंट वॉश, बीओडी ५० हजार. रोजचा ३० टन बीओडी. माणशी ५० ग्रॅम धरले तर सहा लाख माणसांच्या मैल्याइतका भार. २०११ च्या जनगणनेत सगळ्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाख होती. माळावरच्या एका टाकीत एक कोल्हापूर.

हे पाणी शुद्ध करून नदीत सोडायचा विचारही करता येत नाही आणि नियमानेही तशी परवानगी नाही. २००३ च्या केंद्रीय सनदेपासून डिस्टिलऱ्यांसाठी दिशा एकच आहे: थेंबही बाहेर नाही. आधी हवाबंद टाक्यांत जिवाणूंकडून बायोगॅस काढतात. मुंबईत १८९७ मध्येच माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत मैल्याच्या टाकीतला वायू दिव्यांसाठी वापरला होता. आज डिस्टिलरीत तोच वायू बॉयलर तापवतो. तरी बीओडी पूर्ण जात नाही आणि तपकिरी रंग तर हटतच नाही. मग एक तर प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट करायचं किंवा आटवायचं. कंपोस्टला मोठं पक्कं अंगण आणि कोरडं हवामान लागतं. पावसाळ्यात उघड्यावर कंपोस्ट करणं म्हणजे ओढ्याला आमंत्रण, म्हणून ती वाट अरुंद होत गेली. आटवण्याच्या वाटेत स्पेंट वॉश काकवीइतका दाट करून बगॅस किंवा कोळशाबरोबर खास बॉयलरमध्ये जाळतात. खाली उरते राख, त्या राखेत पालाश.

इथे कथेला चांगलं वळण आहे. उसाने जमिनीतून उचललेला पालाश साखरेत जात नाही. मळीत, मळीतून स्पेंट वॉशमध्ये आणि शेवटी राखेत उतरतो. आपला देश म्युरेट ऑफ पोटॅशसाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून. २०२१ पासून मळीपासून मिळणाऱ्या या पालाशाला, १४.५ टक्के के-टू-ओ मात्रेच्या ‘पीडीएम’ खताला, केंद्राच्या पोषणद्रव्य-आधारित अनुदानात जागा मिळाली. ज्याला लोक नाक मुरडत होते ते पोत्यात भरून विकायला निघालं. दोन पैसे सुटू लागल्यावर व्यवस्थापनाचं लक्ष तिकडे वळलं, हा भाग मला जास्त बोलका वाटतो. मागच्या नाल्यातल्या साखरेलाही असाच भाव आहे, फक्त तो कोणी लावलेला नाही.

एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगायला हवी. हवाबंद टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कमी असला की त्याचा वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वायू गेला. टाकी साफ करायला उतरलेला एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. वायुमापक, बाहेरून हवा, कमरेला दोर आणि वर उभा माणूस, एवढं झाल्याशिवाय कोणीही आत पाय टाकता कामा नये. कंत्राटदाराचा मजूर असला तरी.

* * *

देखरेखीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाविरुद्धचा कायदा १९६९ मध्ये केला, १९७० मध्ये मंडळ स्थापन केलं. केंद्राचा जल कायदा आला १९७४ मध्ये. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सतरा प्रकारच्या मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांना, त्यात साखर आणि डिस्टिलरीही, सांडपाण्यावर चोवीस तास ऑनलाइन मापक लावायला सांगितलं. मापक लागले. पण मापक त्याच्यासमोरून जाणारं पाणीच मोजतो. दुसऱ्या वाटेने गेलेल्या पाण्याबद्दल त्याला काही म्हणायचं नसतं. बीओडीची परीक्षा आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस चालते, त्यामुळे मासे मेल्यावर घेतलेल्या नमुन्याचा निकाल येईपर्यंत नदी तीन दिवस पुढे गेलेली असते.

आणि मासे पहिल्या पावसातच का मरतात? गाळप तर एप्रिलमध्येच संपलेलं असतं. उन्हाळाभर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे घातलेले असतात, पाणी थांबलेलं. गावांचं, शहरांचं, कारखान्यांचं जे काही आलं ते तळाशी बसतं आणि ऑक्सिजनशिवाय कुजत राहतं. पाऊस येतो, बर्गे निघतात, तळाचा गाळ ढवळला जातो आणि एका रात्रीत खालच्या डोहांतला ऑक्सिजन संपतो. पंचगंगेकाठचे लोक हे दर एक-दोन वर्षांनी बघतात. दोष एकट्या साखरेचा नाही; शहरांचं मैलापाणी हा त्यातला मोठा वाटेकरी आहे. पण शहराचं मैलापाणी साफ करायला कोट्यवधींचा प्रकल्प आणि वर्षानुवर्षं लागतात. कारखान्याची गळती थांबवायला ग्लँडचं पॅकिंग, पसरलेला रस परत ओढून घेणारा छोटा पंप, प्रत्येक विभागाच्या गटारीवर एक मीटर आणि फरशी पाण्याने धुण्याआधी कोरडी झाडायची सवय लागते. ज्या कारखान्यांनी हे केलं त्यांचा ईटीपी निम्म्या कष्टात चालतो. ज्यांनी केलं नाही ते दर दोन-तीन वर्षांनी ईटीपीची क्षमता वाढवतात आणि ठेकेदाराचं भलं करतात.

म्हणून माझा निष्कर्ष असा की तंत्रज्ञानाची कमतरता आता राहिलेली नाही. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, सल्लागार आहेत, संयंत्रं बांधणारे आहेत. कमी आहे ते ईटीपीवरच्या माणसाचं वजन. त्याला बारमाही नेमणूक हवी, वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह बंद करायला लावायचा अधिकार हवा आणि त्याच्या वहीतला आकडा साखरेच्या ताळेबंदात, ‘अनडिटरमाइंड’च्या शेजारी, छापला जायला हवा.

हे संचालक मंडळ आपणहून करील, अशी वाट बघू नका. सहकारी कारखान्याचे तुम्ही सभासद असाल तर वार्षिक सभेआधी छापील अहवाल घरी येतो. त्यात उतारा असतो, गाळप असतं, बगॅस-प्रेसमड-मळीतली साखर असते. सभेत उभं राहून दोनच आकडे मागा: टन उसामागे किती लिटर पाणी ईटीपीकडे गेलं आणि त्यात किती किलो सीओडी होता. दुसऱ्या आकड्याला १.१२ ने भागा. येईल ती जास्तीत जास्त तुमची नाल्यात गेलेली साखर. तिला चालू भावाने गुणा आणि ती रक्कम इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.